दोन स्टार, कारण जुलैत द्राक्षं नव्हती. हे रेटिंग बरोबर आहे का?

मळेवाला
नाशिकजवळ गोवर्धनच्या पुढे द्राक्षाच्या मळ्यात दोन खोल्या बांधल्यात, तीन वर्षं झाली एका अ‍ॅपवर पाहुण्यांना भाड्याने देतोय. गेल्या जुलैत मुंबईची एक फॅमिली आली, शनिवार-रविवार, धो धो पाऊस. बायकोने थालीपीठ-लोणी केलं, चहा तीनदा झाला, जाताना पोरांनी कुत्र्यालापण टाटा केला. पंधरा दिवसांनी बघतो तर दोन स्टार. कारण? फोटोत घड लटकलेत, बागेत एकपण द्राक्ष नाही! अहो जुलैत कुठून आणू, एप्रिलात खरड छाटणी, मग ऑक्टोबर छाटणी, माल निघतो जानेवारी ते मार्च, हे नाशकातलं शेंबडं पोर सांगेल. वर "रामकुंड लांब" आणि "पहाटे कोंबडा ओरडतो".
आता हिशोब बघा. माझे तेव्हा २० रिव्ह्यू होते, १७ पाचचे, ३ चारचे, सरासरी ४.८५. ह्या एका दोनमुळे ४.७१. परत ४.८ वर यायला लागोपाठ नऊ जणांनी पाच द्यायचे, मधे कोणी "छान होतं" म्हणून चार दिले की अजून चार पाचवाले शोधा. कोंबड्याचं मी काय करू सांगा.

वीकेंडभटक्या
दादा थालीपीठाबद्दल वाईट वाटलं, पण फोटोचं त्या माणसाचं बरोबर आहे. नाशकातल्या पोराला छाटणी माहीत असेल, कांदिवलीच्या माणसाला कशी असणार? तो पोरांना घड दाखवायला चार तास घाट चढून आला आणि हातात आली पानं. फेब्रुवारीतला फोटो बारा महिने लावायचा आणि वर पाहुण्याला अडाणी ठरवायचं हे काही पटलं नाही. दोन स्टार म्हणजे कमीच दिले त्याने, मान्य, मी तीन दिले असते.

हिशोबनीस
मूळ गोची वेगळीच आहे. आपल्याकडे ८० टक्के म्हणजे पेढे वाटतात, इथे पाचपैकी चार म्हणजे नापास. एअरबीएनबी ह्या खोल्या भाड्याने द्यायच्या अ‍ॅपवर सुपरहोस्ट, म्हणजे चांगल्या यजमानाचा बिल्ला, मिळवायला ४.८ लागतात, दर तीन महिन्यांनी मागच्या वर्षभराचं बघतात. पाहुण्याला हे कोणी सांगत नाही. त्यात स्वच्छता, लोकेशन वगैरेचे स्टार वेगळे असतात पण एकूण स्टार त्यांची सरासरी नसते, तो पाहुणा मनाने देतो, म्हणजे पावसाने ट्रिप बोंबलली तरी राग तिथेच निघणार. आणि सगळेच पाचच्या आसपास. बोस्टन विद्यापीठाच्या लोकांनी २०१५ मध्ये पाहिलं होतं, जवळजवळ ९५ टक्के जागांची सरासरी साडेचार किंवा पाच! मग ग्राहकाने निवडायचं कशावरून?

वीकेंडभटक्या
सगळे पाच का ते मी सांगतो ना. गेल्या वर्षी गंगापूर रोडला एका फ्लॅटवर उतरलो, गिझर बंद, चादरीला केस. निघताना मालक दारात उभे, "साहेब पाच स्टार टाका हं, मनुके घेऊन जा" म्हणत पाव किलोचा पुडा हातात. आता काय करणार, बायकोने पुडा घेतला पण! मी पाच दिले. म्हणजे मीही खोटंच लिहिलं आणि पुढचा माणूस गार पाण्याने आंघोळ करून आला असेल.

मळेवाला
मनुके मीपण देतो, पण रिव्ह्यू आल्यावर :)

हिशोबनीस
असे मनुके देऊन घेतलेले रिव्ह्यू थांबावेत म्हणूनच सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंचं मानक काढलं, आयएस १९०००. ऐच्छिक आहे म्हणा, त्यामुळे पुडे चालूच.

पंचवटीची सून
आमच्या सासरी घाटाजवळ यात्रेकरू उतरायचे, तीन पिढ्या. स्टार नाही की काही नाही. त्र्यंबकला उपाध्यांच्या वहीत पणजोबाचं नाव सापडतं, तिथेच लोक पुन्हा येतात, तोच रिव्ह्यू. आता कुंभमेळ्याच्या नादात जो तो वरची खोली रंगवून अ‍ॅपवर टाकतोय आणि आलेला माणूस दार उघडतानाच परीक्षक असल्यासारखा कोपरे बघतो.

नवीन_नाशिककर
काकू, वहीत नाव होतं म्हणून लोक यायचे, दुसरीकडे जायची सोय होती का? अंधाऱ्या खोलीत दहा जण झोपायचे आणि बोलायची टाप नव्हती. आणि होस्टवर अन्याय म्हणता, आम्हा पाहुण्यांना पण स्टार देतात हो. मी आणि मित्र, आयडी नाशिकचं, बुकिंग कन्फर्म, दारात मालक म्हणाले लोकल आयडी चालणार नाही. मुक्कामच झाला नाही, मग रिव्ह्यू लिहिलाच नाही. म्हणजे सगळ्यात वाईट वागलेल्या माणसाचा रिव्ह्यूच पडला नाही.

मळेवाला
हे मात्र चूक आहे. आधी लिहायला पाहिजे होतं त्यांनी.

वीकेंडभटक्या
"आधी लिहायला पाहिजे होतं." बघा, स्वतःच बोललात. घड कधी असतात ते तुम्ही लिहिलंय का?

चाव्यावाली
मी कॉलेज रोडच्या तीन फ्लॅटचं बघते, चाव्या, साफसफाई, सगळं. एक गोष्ट कोणी बोलत नाही. स्टार होस्टला मिळतात, पण स्वच्छतेत एक कमी झाला की फोन साफसफाईच्या मावशींना जातो. मागे एकीने लिहिलं "बाथरूममध्ये झुरळ". एक झुरळ, पावसाळ्यात, तळमजला. मालकाने मावशींचे त्या दिवशीचे पैसे कापले. चेकआउट अकराला, पुढचा चेकइन एकला, मधे दोन बेडरूम, किचन आणि चादरी वाळत नाहीत. आदल्या पार्टीने तर सिंकमध्ये मिसळीचा रस्सा ओतलेला, नारिंगी तेलाचा थर, ते घासायलाच वीस मिनिटं गेली. त्या पार्टीला मालकाने पाच स्टार दिले हं, पुढच्या वेळी यावेत म्हणून.

वीकेंडभटक्या
हे वाचून जरा ओशाळलो. पण झुरळ दिसलं तर लिहायचं की नाही? उद्या माझी आई येणार असेल तर मला ते वाचायचंय.

चाव्यावाली
लिहा ना. पण मला फोन करा आधी, नंबर फ्रिजवर चिकटवलाय. दहा मिनिटांत येते मी. रात्री गप्प बसायचं आणि घरी जाऊन लिहायचं, ह्याचा राग येतो.

मळेवाला
हेच म्हणतोय मी! माझ्या पाहुण्यांनी एकदा विचारलं असतं "घड कुठेत" तर बागेत नेऊन छाटणी कशी करतात ते दाखवलं असतं, पोरांना मजा आली असती. असो. काल फोटोखाली "द्राक्षं फक्त जानेवारी ते मार्च" टाकलंय, जुलैचे हिरव्या पानांचे दोन फोटोपण चढवले. कोंबड्याचं पण लिहिलं, पहाटे साडेचार.

नवीन_नाशिककर
आणि लोकल आयडी?

मळेवाला
चालेल. ये कधी, पण जानेवारीत ये.