नोटीस ९० दिवसांची, नवी कंपनी म्हणते ३० दिवसांत या

राजीनामा टाकण्याआधी नेमणूकपत्रातलं बायआउटचं (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटण्याचं) कलम नीट वाचा. वसुली बेसिकवर (मूळ पगारावर) की ग्रॉसवर (भत्त्यांसकट पूर्ण पगारावर), इथेच खरी मेख आहे. महिन्याचा ग्रॉस १ लाख आणि बेसिक ५० हजार असेल, तर उरलेल्या ६० दिवसांचे १ लाख किंवा थेट २ लाख. 'कंपनीच्या मर्जीनुसार' असे शब्द असतील तर पैसे भरूनही लवकर सोडतीलच असं नाही. मॅनेजरची मंजुरी ईमेलवर घ्या, तोंडी होकाराला एचआर विचारत नाही. नवी कंपनी बायआउट देणार असेल तर तसं ऑफर लेटरमध्येच हवं (वर्षाच्या आत सोडलंत तर बरेचदा परत मागतात). आणि हो, जुन्या कंपनीतलं यंदाचं उत्पन्न नवीला कळवा. नाहीतर दोन्हीकडे खालच्या स्लॅबने टीडीएस कापला जातो आणि रिटर्न भरताना फरक व्याजासकट अंगावर येतो.