डॉट ईयू नाव: ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टधारकांना मिळते का?

स्विंडनवासी
माझे आजोबा गोव्यातल्या पेडण्याचे. १९६१ पूर्वीच्या त्यांच्या जन्मनोंदीच्या आधारे मला पोर्तुगीज नागरिकत्व मिळाले आणि गेली अनेक वर्षे मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. फराळाच्या व्यवसायाच्या संकेतस्थळासाठी घेतलेले डॉट ईयू नाव (शेवटी .eu असलेला, युरोपीय संघाचा संकेतस्थळ-पत्ता) इथल्या माझ्या कंपनीच्या नावावर होते. शुल्क वेळेवर भरलेले असूनही १ जानेवारी २०२१ रोजी संकेतस्थळ आणि ई-मेल दोन्ही बंद पडले. ज्याच्याकडून नाव घेतले त्या विक्रेत्याने ‘ब्रिटनमध्ये आता हे नाव चालत नाही’ एवढेच सांगितले आणि मीही ते खरे मानले. तसे नाव मला पुन्हा घेता येईल का? पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतले, तर ते जाईल का?

ब्रसेल्सकर
विक्रेत्याचे उत्तर अपुरे होते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण वेळीच नीट सांगितले असते तर तुमचे नाव वाचले असते. पूर्वी डॉट ईयूसाठी युरोपीय संघात वास्तव्य किंवा कंपनीची स्थापना आवश्यक होती. परंतु २०१९ च्या ५१७ क्रमांकाच्या नियमावलीमुळे १९ ऑक्टोबर २०१९ पासून संघाच्या कोणत्याही देशाचा नागरिक, तो जगात कुठेही राहत असला तरी, स्वतःच्या नावावर नोंदणी करू शकतो. ब्रिटनमधील कंपनीची पात्रता ब्रेक्झिटनंतरच्या संक्रमणकाळाबरोबर, म्हणजे २०२० च्या अखेरीस, संपली, तुमची व्यक्तिशः संपली नाही. १ जानेवारी २०२१ रोजी अशी सुमारे ८० हजार नावे निलंबित झाली. ३१ मार्च २०२१ पर्यंत नोंदणीचा तपशील दुरुस्त करून, म्हणजे तुमच्या बाबतीत नाव कंपनीकडून स्वतःकडे घेऊन आणि नागरिकत्वाचा देश पोर्तुगाल लिहून, ते परत मिळवता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये उरलेली नावे सर्वांसाठी खुली झाली.

आजही याच पद्धतीने नवी नोंदणी करता येते. पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व मान्य करत असल्याने ब्रिटिश पासपोर्ट घेतल्याने ही पात्रता जात नाही.

जुना तंत्रज्ञ
एक गोष्ट आजच तपासा. खुले झालेले नाव दुसऱ्याने घेतले असेल, तर त्या नावावरच्या तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारे ई-मेल त्याला मिळू शकतात. बँक, कर खाते किंवा पुरवठादार यांच्याकडे तोच पत्ता असेल, तर पासवर्ड बदलण्याचा दुवाही त्याच्याकडेच जाईल. संकेतस्थळ गेल्याचे सर्वांच्या लक्षात येते, ही बाजू मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही.

स्विंडनवासी
दोघांचेही आभार. जुने नाव आता दुसऱ्या कोणाकडे आहे. मसाल्याच्या पुरवठादाराकडील खात्यात तोच पत्ता अजून होता. तो आत्ताच बदलला. शेवटी ‘पेडणे’ जोडलेले नवे नाव शिल्लक दिसते आहे, ते या वेळी कंपनीऐवजी स्वतःच्या नावावर घेतो.