'कोर्ट'चा शेवट: अंधारातच संपायला हवा होता ना?

सायली:
चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' काल पाहिला. दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा, २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, म्हणून फार अपेक्षेने बसले. लोकशाहीर नारायण कांबळेंना भर कार्यक्रमात अटक होते तिथपर्यंत गुंतले होते. नंतर मात्र कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, कुणाच्या जवळच जात नाही. सरकारी वकील बाईंचा स्वयंपाक, बचावाच्या वकिलाची खरेदी, याचा खटल्याशी काय संबंध? आणि कोर्टातले दिवे मालवतात, तिथे संपवायचं सोडून न्यायाधीशांची सहल कशाला?

लघुलेखिका (निवृत्त):
सायली, माझी नोकरी सत्र न्यायालयात न्यायाधीशांच्या डायससमोर बसून टायपिंग करण्यात गेली, त्यामुळे या सिनेमावर माझा फार जीव आहे.

मृत सफाई कामगाराच्या बायकोची साक्ष पुन्हा बघ. आत उतरण्याआधी तो गटारात खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत श्वास घेता येईल असं समजायचं. दुर्गंधी सहन व्हावी म्हणून दारू प्यायचा. बाई हे सगळं सरळ आवाजात सांगते. मग न्यायाधीश त्यातलं हवं तेवढं आपल्या शब्दांत सांगतात आणि तेच टाइप होतं. रेकॉर्डवर जाते ती ही साक्ष! आरोप असा, की शाहिराच्या गाण्यामुळे त्या माणसाने आत्महत्या केली. मास्क नव्हता, सुरक्षेचं काही साधन नव्हतं, हे उलटतपासात निघतं, तरी खटला तसाच चालू राहतो. इथे कॅमेरा बाईच्या डोळ्यांपाशी गेला असता तर आपण तिच्यासाठी रडून मोकळे झालो असतो. तो लांब राहतो म्हणून न्यायाधीश, वकील, टायपिस्ट आणि ती, सगळे एका चौकटीत दिसतात आणि तिथे कुणालाच धक्का बसलेला नाही हेही दिसतं. मला ती चौकट माझ्या खुर्चीवरून रोज दिसायची.

घरच्या प्रसंगांचं म्हणशील, तर गीतांजली कुलकर्णींनी साकारलेली सरकारी वकील बाई खलनायिका नाही, आणि मला तेच फार महत्त्वाचं वाटतं. लोकलने घरी जाणारी, घरच्यांना जेवायला वाढणारी बाई दुसऱ्या दिवशी कलमं घडाघडा वाचून एका म्हाताऱ्या माणसाला आत ठेवा म्हणते. दोन्ही तिचंच रोजचं काम.

अनिकेत:
सहलीबद्दल मी सांगतो. याच न्यायाधीशांनी बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलली होती, आठवतंय? सहलीत ते न बोलणाऱ्या मुलासाठी अंगठीतल्या खड्याचा सल्ला देतात आणि झोपमोड केली म्हणून एका पोराच्या थोबाडीत मारतात. अंधारात संपवलं असतं तर दोष 'व्यवस्थे'वर टाकून आपण निघून गेलो असतो. इथे ती व्यवस्था चालवणारा माणूस समोर बसलाय. कांबळे मात्र अजून कोठडीत आहेत आणि कोर्टाला सुट्टी आहे.

सायली:
साक्षीचा प्रसंग आत्ता परत पाहिला. टायपिस्टकडे पहिल्यांदा माझं लक्षच गेलं नव्हतं. काकू, साक्षीदार बोलतो आणि कागदावर दुसरंच उतरतं, असं झालं तर दुरुस्त करता येतं का?

लघुलेखिका (निवृत्त):
येतं. साक्ष वाचून दाखवतात, तेव्हा हरकत घ्यायची. पण ती घ्यायला साक्षीदाराला कागदावरची भाषा कळायला हवी, नाहीतर त्याच्या बाजूने जागरूक वकील उभा हवा. त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघ, तिला ते कळतंय का.