कार्यक्रमप्रमुखानं पहिल्या वर्षी नवं काही सुरू करू नये, आधी काय बंद करायचं ते ठरवावं

रानवाट

एखाद्या प्रादेशिक धर्मादाय संस्थेच्या कार्यक्रमांची यादी नीट वाचली की लक्षात येतं, ही यादी कुणी बसून ठरवलेली नाही, ती साचत गेलेली आहे. एका वर्षी पोषणासाठी निधी आला म्हणून पोषण. पुढच्या वर्षी एका देणगीदाराला डिजिटल साक्षरता हवी होती म्हणून ती. मग तरुणांसाठी कौशल्य प्रशिक्षण, मग पर्यावरण. आधीचं काहीच थांबलेलं नसतं. अशा संस्थेत सामुदायिक कार्यक्रमांची धुरा जिच्या हाती येते तिच्याकडून विश्वस्तांपासून सगळ्यांना अपेक्षा असते ती नव्या कल्पनांची.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. तिनं पहिल्या वर्षी एकही नवा कार्यक्रम सुरू करू नये आणि चालू असलेल्यांपैकी निदान एक-दोन बंद करावेत.

याचं कारण कार्यालयात दिसत नाही, कार्यकर्तीच्या पिशवीत दिसतं. पिशवीत चार प्रकल्पांच्या चार नोंदवह्या असतात. चारही वह्यांचं पहिलं पान सारखंच: घरात माणसं किती, शिक्षण किती, उत्पन्न किती. तीच बाई त्याच ओसरीवर तीच उत्तरं चौथ्यांदा देते, आणि तिच्या मुलीनं शाळा का सोडली हे विचारायला कार्यकर्तीकडे वेळ उरत नाही.

खोलवर काम कसं होतं याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेनं १९८० ते १९९० या काळात घरोघरी जाऊन आयांना एकच गोष्ट शिकवली, जुलाब झालेल्या मुलाला मीठ, गूळ आणि पाण्याचं द्रावण कसं करून द्यायचं. १ कोटी २० लाखांहून अधिक घरं झाली. सुरुवातीला शिकवायचे दहा मुद्दे होते, ते लक्षात राहत नाहीत म्हटल्यावर सात केले. काही घरांत नंतर दुसरी माणसं जाऊन आईला प्रश्न विचारत आणि तिला किती आठवतंय त्यावर शिकवणारीचं मानधन ठरे. तरी वापर कमीच दिसला. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्या द्रावणावर विश्वास बसलेला नव्हता, मग त्यांचं प्रशिक्षण बदललं. इतकं बारकाईनं बघायला सवड लागते. बारा कार्यक्रम ओढणाऱ्या संस्थेला ती कुठून मिळणार?

---

पाणवठा

पूर्ण असहमत, आणि मुद्दा जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

बंद करण्याची भाषा कार्यालयात बसून सोपी वाटते. प्रत्यक्षात आधी बंद कोणते कार्यक्रम पडतात? ज्यांचे आकडे चांगले दिसत नाहीत ते. आणि आकडे कुणाचे चांगले दिसत नाहीत? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे, मानसिक आजार असलेल्यांचे, अंथरुणाला खिळलेल्यांचे. कौशल्य प्रशिक्षणात ‘इतक्या तरुणांना नोकरी’ असं छापता येतं. आठवड्यातून एकदा घरी येऊन औषधं घेतली का म्हणून विचारणाऱ्या माणसाचा इम्पॅक्ट कुठल्या रकान्यात लिहायचा? नव्या कार्यक्रमप्रमुखाच्या हाती तुम्ही कात्री दिलीत, तर ती इथेच चालणार.

दुसरं म्हणजे विश्वास. वस्तीत लोकांनी आधीच अनेकांना येऊन जाताना पाहिलेलं असतं. सर्वेक्षण झालं, फोटो झाले, मंडळी गेली. त्यात आपलीही भर पडली की पुढच्या वेळी दार उघडायला तेवढाच जास्त वेळ लागतो. हे नुकसान ताळेबंदात दिसत नाही म्हणून ते होत नाही असं नाही.

---

हिशेबाची वही

मी संस्थेचे हिशेब बघतो. दोघांनीही पैशाची बाजू सोडून दिली आहे.

प्रकल्पाचा निधी त्या प्रकल्पालाच बांधलेला असतो. कौशल्य प्रशिक्षण बंद केलं तर ते पैसे पोषणाकडे वळत नाहीत, ते परत जातात किंवा येतच नाहीत. शिवाय समन्वयकाचा पगार चार प्रकल्पांत पाव-पाव विभागलेला असतो. एक प्रकल्प गेला की पगाराचा पाव हिस्सा हवेत. भाडं, वीज, लेखापरीक्षण, सगळ्याचं तसंच. म्हणून विश्वस्त ‘असू दे, चालू राहू दे’ म्हणतात. त्यांना कामाची कळकळ नसते असं नाही, पायाखालचा एक खांब काढताना छताचं काय होईल याची त्यांना भीती असते.

देणगीदार म्हणतात की प्रशासकीय खर्च कमीत कमी ठेवा. अमेरिकेत देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवणाऱ्या गाईडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी २०१३ मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितलं की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची किंमत करू नका. पत्र निघालं, पण छापील बजेटच्या नमुन्यातला तो रकाना अजून तसाच आहे. तेव्हा रानवाट, तुमची सूचना मान्य करायची तर कार्यक्रमप्रमुखानं आधी न बांधलेला निधी थोडा तरी उभा करावा. त्याआधी बंद करणं म्हणजे माणसं कमी करणं.

---

उंबरठा

‘ब्रॅक’चं उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्याच दहा वर्षांत ब्रॅक गरिबांना कर्जं देत होती आणि १९८५ पासून गावोगाव एका खोलीच्या अनौपचारिक शाळाही काढत होती. एकाच कामावर भर दिला म्हणून यश आलं, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आता दुसरं उदाहरण घ्या. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं. लोकांनी सांगितलं, आधी पाणी आणि खायला काय ते बघा. त्यांनी ते ऐकलं. पाणी आलं, शेतकऱ्यांची मंडळं आली, महिला मंडळं आली आणि त्यातूनच गावांनी आपल्यातल्या बाया आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. त्यांच्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित होत्या. सगळ्यांसाठी प्राथमिक आरोग्यसेवा मागणाऱ्या १९७८ च्या अल्मा-आटा या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यामागे जगभरातल्या ज्या कामांचा अनुभव होता, त्यात जामखेडही होतं. ‘आमचं क्षेत्र आरोग्य, पाणी नाही’ असं तेव्हा म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आणि हा वाद जुना आहे. अल्मा-आटानं सर्वंकष आरोग्याची हाक दिल्यावर पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, वॉल्श आणि वॉरन या संशोधकांनी मांडलं की एवढं सगळं परवडणार नाही, मोजके आजार आणि मोजके उपाय निवडा. १९८० च्या दशकात युनिसेफनं मुलांच्या वाढीची नोंद, क्षार-पाणी (जुलाबावरचं तेच द्रावण), स्तनपान आणि लसीकरण या चार गोष्टी लावून धरल्या. मुलं वाचली, हे खरंच आहे. पण निवडलेल्या उपायांच्या बाहेर जे राहिलं, म्हणजे पाणी, जमीन, बायकांची परिस्थिती, त्याला वाली उरला नाही अशी टीका तेव्हापासून होत आली आहे आणि मला ती पटते. कमी म्हणजे खोल, हे समीकरण आपोआप जमत नाही.

---

रानवाट

उंबरठा, जामखेडचं उदाहरण मी माझ्या बाजूनं घेतो. तिथे पाणी, शेती, आरोग्य हे वेगवेगळ्या देणगीदारांचे वेगवेगळे प्रकल्प म्हणून एकमेकांवर रचलेले नव्हते. गावाशी नातं एकच होतं आणि त्या नात्यातून गरजेप्रमाणे कामं फुटत गेली. आरोग्यसेविका गावचीच, ती बोलेल ते सगळ्याबद्दल बोलेल. माझा आक्षेप विस्ताराला नाहीच, साचण्याला आहे. चार प्रकल्पांचे चार समन्वयक एकाच गल्लीत एकमेकांना न सांगता जातात, त्याला सर्वंकष काम म्हणायचं का?

ब्रॅकबद्दल: इतर कामं होती, मान्य. पण क्षार-पाण्याच्या कामाला स्वतःची माणसं, स्वतःची तपासणी आणि पुरती दहा वर्षं मिळाली. प्रादेशिक संस्थेला तेवढं बळ नसतं, म्हणून तिनं निवड करणं आणखी गरजेचं.

पाणवठा, तुमची कात्रीची भीती रास्त आहे. म्हणूनच बंद करण्याची कसोटी आकड्यांची नसावी. मी एकच प्रश्न विचारीन: उद्या देणगीदारानं हात काढला तर हे काम आपण पदरमोड करून चालू ठेवू का? एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाण्याच्या कामाला बहुतेक संस्था ‘हो’ म्हणतील. यादीतल्या निम्म्या कामांना म्हणणार नाहीत.

---

पाणवठा

‘आपण’ चालू ठेवू का? हे ‘आपण’ कोण? प्रश्न विचारणारे तुम्ही, उत्तर देणारेही तुम्हीच. वस्ती कुठे आहे यात?

शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं वळवणं-समजावणं, मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देणं, सल्ला घेणं, एखाद-दोघांना समितीत बसवणं, आणि खरी सत्ता वरच्या तीन पायऱ्यांवर. आपल्या बहुतेक संस्थांची ‘समुदाय बैठक’ चौथ्या पायरीच्या वर चढत नाही. लोक बोलतात, आपण टिपून घेतो, निर्णय कार्यालयात होतो. सुरू करताना लोकांना विचारलं नव्हतं, निदान बंद करताना तरी विचारा. आणि ते ‘चालू ठेवा’ म्हणाले तर ऐकण्याची तयारी ठेवा. ती नसेल तर विचारूच नका.

---

सांजवात

पाणवठा +१. शेवटचं वाक्य विशेष.

---

वस्तीवरची

मी कार्यकर्ती आहे. वर पिशवीचं लिहिलंय ते तंतोतंत खरं आहे. वह्यांबरोबर आता मोबाईलवरची दोन ॲपही आहेत. ती भरताना मान खाली असते, समोरचीचा चेहरा दिसत नाही.

पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. कार्यक्रम बंद झाला हे सांगायला कोण जातं? कार्यक्रमप्रमुख जात नाहीत, आम्ही जातो. आणि आम्हाला कारण माहीत नसतं. ‘वरून ठरलं’ एवढंच सांगता येतं. मी त्याच गल्लीत राहते. ज्या बायकांना मी हात धरून गटात आणलं, त्या मला रोज दिसतात, संस्थेला दिसत नाहीत. मुलींचा एक अभ्यासवर्ग असाच मध्येच थांबला, परीक्षा तोंडावर असताना, कारण निधीचं वर्ष संपलं होतं. निधीचं वर्ष आणि शाळेचं वर्ष वेगळं असतं हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

तरी मी म्हणेन, बंद करा. काही कार्यक्रम खरंच नुसते चाललेत, त्यातल्या बायकाही आमच्याकडे बघून येतात, गरज म्हणून येत नाहीत. त्यांचाही वेळ जातो. फक्त सांगायला तुम्ही या. आमच्या शेजारी बसून सांगा.

---

मोजपट्टी

मूल्यमापनाचं काम करते, म्हणून दोन उदाहरणं.

पहिलं रानवाटच्या बाजूचं. बांगलादेशाच्या उत्तर भागात हंगामी उपासमारीच्या काळात गरीब मजुरांना कामासाठी बाहेरगावी जायला प्रवासापुरते पैसे द्यायचे, असा एक कार्यक्रम होता, ‘नो लीन सीझन’. आधीच्या छोट्या प्रयोगात त्याचे निकाल उत्तम आले होते. पसारा वाढवल्यावर २०१७ च्या पाहणीत परिणाम दिसला नाही. तो चालवणाऱ्या ‘एव्हिडन्स ॲक्शन’नं २०१९ मध्ये कार्यक्रम बंद केला आणि तसं उघडपणे जाहीर केलं. देणगीदार दुरावण्याची भीती असूनही हे केलं, म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

दुसरं सगळ्यांसाठीच. टफ्ट्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी बोलिव्हिया, होंडुरास, भारत आणि केनिया इथले अन्नसुरक्षेचे प्रकल्प संपल्यानंतर परत जाऊन पाहिलं की काय टिकलं. शेवटच्या दिवशी जे उत्तम दिसत होतं ते टिकलंच असं नाही. टिकायला चार गोष्टी लागल्या: पैसा वा साधनांचा चालू राहणारा स्रोत, काम येणारी माणसं, करावंसं वाटण्याचं कारण आणि गरज तिथे सरकारी किंवा इतर यंत्रणेशी जोडणी. जिथे संस्था हळूहळू मागे सरकली आणि लोकांनी ती असतानाच काम स्वतः चालवून पाहिलं, तिथे जास्त टिकलं. फुकट वाटप संपल्यावर त्यावर उभं असलेलं काम बहुधा कोसळलं.

तेव्हा ‘बंद करावं की नाही’ याच्या इतकाच ‘कसं बंद करावं’ हा प्रश्न मोठा आहे. तो प्रपोजल लिहितानाच विचारायला हवा. प्रपोजलच्या नमुन्यात ‘शाश्वतता’ नावाचा रकाना असतो आणि त्यात सगळेच ‘समुदाय पुढे चालवेल’ असं लिहितात. कोण, कशाच्या बळावर, हे लिहायला लावलं तर निम्मे प्रकल्प सुरूच होणार नाहीत, आणि पुढे बंद करण्याची वेळही येणार नाही.

---

हिशेबाची वही

मोजपट्टी, यात एक भर. मागे सरकण्याच्या काळासाठी बजेटमध्ये ओळ लागते. शेवटचे सहा महिने काम कमी आणि हस्तांतरण जास्त असतं, त्यात अहवालात दाखवायला काही नसतं, म्हणून त्याला कुणी पैसे देत नाही. करार होतानाच ती ओळ मागून घ्यावी. नंतर मागितली तर मिळत नाही.

---

रानवाट

वस्तीवरची ताई, तुमचं म्हणणं माझ्या मुद्द्यात असायलाच हवं होतं आणि ते आता मी त्यात धरतो. जिनं निर्णय घेतला तिनंच जाऊन सांगावं. निधीचं वर्ष आणि लोकांचं वर्ष समोरासमोर मांडून मगच तारीख ठरवावी.

मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. पहिलं वर्ष बघण्याचं, ऐकण्याचं आणि कमी करण्याचं. नव्या प्रमुखाकडे त्या एका वर्षात जी मोकळीक असते ती पुन्हा मिळत नाही. दुसऱ्या वर्षी जुने कार्यक्रम तिचेच झालेले असतात, आणि स्वतःचं बंद करायला हात उचलत नाही.

---

पाणवठा

मोकळीक असते हे खरं, पण माहिती सगळ्यात कमी त्याच वर्षी असते. कोणतं काम कशाला धरून उभं आहे हे जिला अजून कळलेलं नाही, तिनं पहिल्याच वर्षी ते काढायचं? पहिलं वर्ष नवीन काही सुरू न करण्याचं, इथवर मी तुमच्याबरोबर आहे. बंद करण्याचा निर्णय दुसऱ्या वर्षी, वस्तीतल्या लोकांना त्यात मत असताना, आणि हिशेबाच्या वहीनं सांगितलेली ओळ बजेटमध्ये आल्यावर. तोवर माझी असहमती कायम.