काळ्या मातीतलं हायड्रेंजिया: पानं पिवळी, शिरा हिरव्या

वावरकाठ (दारव्हा)
खड्डा करून जमिनीत लावलेली हायड्रेंजियाची दोन झाडं आहेत. जागा घराच्या पश्चिमेला, माती भारी काळी, पाणी बोअरचं. शेंड्याची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. जुन्या पानांच्या कडा करपल्या. नर्सरीत फूल निळं होतं, इथं गुलाबी निघालं. युरिया देऊन फरक नाही. उन्हाळ्याआधी काय करावं?

परसबाग अमरावती
युरिया थांबवा भाऊ. युरियातून नत्र (नायट्रोजन) मिळतं, अन् ते कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. शेंडा पिवळा अन् शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी. ते मातीत असतं, पण चुनखडीमुळं सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) आठाच्या आसपास जातो आणि मुळांना उचलता येत नाही. वाळल्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहेच. मग गंधक टाकून सामू उतरवायच्या नादी लागू नका, चुनखडी सगळं पचवते.

एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. द्रावण ताजंच हवं, तांबूस झालं की उपयोग नाही. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह (मुळांना उचलता यावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) घ्या आणि पुडीवर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलंय का ते पाहा. दुकानदार बहुधा ईडीटीए पुढं करतो. ते सामू साडेसहाच्या वर गेला की फारसं टिकत नाही.

माळीकाम वर्धा
लोहाचं बरोबर, पण मूळ घोटाळा खड्ड्याचा आहे. भारी मातीत खड्डा करून आत भुसभुशीत माती भरली की पावसाळ्यात त्याचं टाकं होतं. पाणी झिरपत नाही, मुळं सडतात, अन् कुजक्या मुळांना लोह कितीही द्या. जमिनीवर दीड फूट उंच, तीन फूट रुंद वाफा करा. त्यात दोन भाग चुनखडी नसलेली लाल माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग कोकोपीट. जागा पूर्वेची. दहापर्यंतचं ऊन पुरे.

वर तीन इंच कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा, बुंध्यापासून चार बोटं लांब. कुटाराला उधई (वाळवी) लागते, म्हणून खाली मूठभर निंबोळी पेंड. एप्रिल-मे मध्ये पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारत राहा, नाहीतर लाल कोळी बसतो.

दुपारी पानं मलूल झाली म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी सातला पाहा. उभी राहिली तर फक्त उन्हाचा ताण; नाही राहिली तर बोटभर माती उकरून ओल बघा.

वावरकाठ (दारव्हा)
झाडं आता हलवू का? आणि निळा रंग?

माळीकाम वर्धा
आता नको. मृगाचा पाऊस नीट बसला की मातीच्या गोळ्यासकट काढा. तोवर पश्चिमेला हिरवी जाळी बांधा.

परसबाग अमरावती
निळ्यासाठी आम्लधर्मी मातीतलं ॲल्युमिनियम लागतं. नव्या वाफ्यात, साठवलेल्या पावसाच्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम तुरटी, महिन्यातून दोनदा. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट टाकू नका, त्यांतलं स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियम बांधून ठेवतं. बोअरच्या पाण्यावर हा खटाटोप वाया जातो. पांढऱ्या जातींवर काहीच परिणाम नाही.

छाटणीचं राहिलं: फूल सुकलं की लगेच, खालच्या जाड डोळ्यांच्या जोडीवर. दिवाळीनंतर कात्री लावली तर पुढच्या कळ्याच जातात.