विषय: रविवारचा ताफा – डावी लेन

सुहास:
मंडळी, रविवारी नेपथ्याचा ट्रक सातला एडिसनहून निघेल. एकच विनंती. मागच्या वेळी आपल्या गाड्या न्यू जर्सी टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, डावी लेन धरून, फ्लॅशर लावून रांगेने चालल्या होत्या. मागचे लोक डिपर मारून थकले. म्हणे ट्रक मागे राहू नये म्हणून! अहो, ट्रक तिथे नव्हताच. एक्झिट ६ पर्यंत रस्ता दुभागलेला आहे. आतल्या भागात फक्त कार, ट्रकला बाहेरूनच जावं लागतं. मग वाट कोणाची बघत होतो? या वेळी ताफा नको, ज्याने त्याने आपापलं यावं.

माधवी:
सुहास, ताफा नको म्हणणं सोपं आहे. एक गाडी भलत्याच एक्झिटला उतरली आणि तबला नेमका तिच्यातच होता, हे विसरलात वाटतं. आणि रांगेत मी सगळ्यात पुढे होते, ताशी पासष्ट मैलांनी. मर्यादाच पासष्ट आहे. ज्याला ऐंशीने उडायचंय त्याच्यासाठी मी का सरकायचं?

नंदू:
माधवीताई, न्यू जर्सीचा कायदा वेग विचारतच नाही. उजवीकडे जागा असेल तर उजवीकडे राहायचं, डावी लेन पुढे काढण्यापुरती. २०१३ पासून दंड १०० ते ३०० डॉलर आहे, वर लायसन्सवर दंडाचे २ पॉइंट. माझ्या मेव्हण्याला बसलाय. ‘मी मर्यादेतच होतो’ हे त्याचं पालुपद पोलिसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि ऐकता ऐकता पावती लिहून हातात दिली.

अशोककाका:
नंदू, अर्धंच सांगितलंस. बंपरला चिकटून चालवणाऱ्याला ५ पॉइंट बसतात, तेही सांग की. मला तर मागून कोणी चिकटलं की पाय आपोआप सैल पडतो. बस म्हणावं मागे. असल्यांना शिस्त कोणी लावायची?

मेधा:
काका, पोलिसांनी. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. उन्हाळ्यात इथे आले तेव्हा शेजारी बसून आधी सारखे दचकायचे, कारण आपल्याकडे ओव्हरटेकची लेन उजवी. मग रुळले आणि लगेच शिकवायला लागले. बोरघाटात एक ट्रक डावीकडे रांगतोय आणि दुसरा उजव्या लेनमध्ये त्याच्या बरोबरीने, हे त्यांनी जन्मभर पाहिलंय. म्हणतात, अडवलेला माणूस थांबत नाही, चुकीच्या बाजूने घुसतो, आणि ठोकर तिथेच बसते. काका, तुमचा पाय सैल पडला की मागचा उजवीकडून घुसणार आणि त्या लेनमध्ये एखादा गरीब बिचारा असणार.

अशोककाका:
मेधा, सासरे परत कधी येताहेत? गप्पा मारायला आवडतील. मीही त्या घाटातून पुष्कळ जायचो, एक्सप्रेसवे व्हायच्या आधी. खोपोलीला वडा खाल्ल्याशिवाय गाडी वर चढतच नसे.

सुहास:
विषयावर या. एकत्र यायचंच असेल तर रस्त्यावर नको, टर्नपाइकवरच्या मॉली पिचर या विश्रांती थांब्यावर थांबू. तिथे आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही भागांतून शिरता येतं. फ्लॅशर कोणीही लावायचा नाही.

माधवी:
चालेल. पण गाड्यांची यादी आजवर मीच करत आलेय, या वेळीही मीच करणार. ट्रकचं तुम्ही बघा. पावणेआठला निघायचं म्हणजे निघायचं, कॉफीच्या रांगेत असाल तर कॉफी सोडा. तबला माझ्या गाडीत.

मोहन:
ट्रक मी चालवतोय म्हणून लिहितो. एक्झिट ६ नंतर रस्ता एक होतो, तेव्हा कोणीतरी मला ‘डावीकडे ये’ म्हणून हात करेलच. करू नका. जिथे तीन लेन आहेत तिथे १०,००० पौंडांवरच्या ट्रकला डावी लेन बंद आहे, आणि आपला त्याहून जड आहे. एक्झिट ४ पर्यंत मी उजवीकडेच रांगणार. माझ्यापुढे कोणी मुद्दाम हळू चालवू नका, भरलेला ट्रक पटकन थांबत नाही. मॉली पिचरला मी ट्रकांच्या बाजूला उभा असेन. बांधायचे पट्टे कोणाकडे आहेत? खांब सुतळीने बांधलेले मला चालणार नाहीत.