पवनी तालुका: नदीकाठी पर्यटकांसाठी खोल्या बांधाव्या का?

धानबांधी: नमस्कार मंडळी. गोसेखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला आमची तीन एकर शेती आहे. एक एकर वैनगंगेला लागून, बाकी वर बरडावर, म्हणजे उंच माळरानावर. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला पर्यटक येतात, म्हणून चार खोल्या काढायच्या आहेत. सगळे म्हणतात, काठावरच बांध. पण ऑगस्ट २०२० च्या पुरात काठच्या त्या धानाच्या बांधीत पुरुषभर पाणी होतं. बाबा नाही म्हणतात. जागा पारखायची कशी?

वडसेकर: बाबांचं ऐक भाऊ. आपल्या गावच्या पावसावरून अंदाज बांधू नको; तेव्हाचं पाणी मध्य प्रदेशातून आलं होतं. जलसंपदा विभागाच्या कार्यालयात पूररेषेचा नकाशा माग. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नाहीच. मी तर लालच्याही बाहेर जाईन, रात्री झोपलेल्या पाहुण्यांची जबाबदारी आपली असते.

नकाशेवाला: माझं कामच नकाशांचं. जागा निवडताना उतार, माती, रस्ता, पाणी, जंगलाची जवळीक यांना गुण देऊन बेरीज करतात. पद्धत चांगली, पण एक चूक फार होते: पुराला शून्य मिळालं तरी बाकीच्या गुणांनी जागा वर येते. म्हणून पूर बेरजेत धरू नका. पुरात जाणारा तुकडा आधीच बाद करा, मग उरलेल्याला गुण द्या.

काळीमाती: बरडावरही खड्डा खणून पहा. काळी माती निघाली तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, साधा पाया घातला की भिंती तडकतात. मुरूम लागला तर नशीब. एकट्या उंच मोहाच्या झाडाखाली खोली नको, विजा पडतात. आणि डांबरी रस्त्यापर्यंत वाटेत रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, आहे का? खोली कोरडी राहिली तरी रपट्यावरून पाणी गेलं की पाहुणे अडकले. मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

धानबांधी: रपटा आहे, आणि दरवर्षी एक-दोन दिवस बंद असतो. हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे खोल्या बरडावर, काठावर फक्त दिवसा बसायला मांडव, आणि जुलै-ऑगस्टचं बुकिंग घ्यायचंच नाही. जंगलातल्या फेऱ्याही तेव्हा बंदच असतात, नुकसान फार नाही. शेजारच्या भिंतीवर २०२० च्या पाण्याची रेघ अजून दिसते. रविवारी गवंड्याची लेव्हल नळी (पाणी भरून पातळी जुळवायची नळी) घेऊन त्या रेघेची उंची बरडाच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत आणतो. बाबाही येतो म्हणाले.